खांदा, धुरा आणि हूक : पिकअपमागच्या एका सांध्याचा इतिहास

१/ पोर्चमध्ये पिकअप उभी करायची, चाकांना दगड लावायचे, चेसिसखाली आडवे व्हायचे आणि मागे ट्रेलरचा हूक बसवायचा. नागपूरच्या प्रताप नगरासारख्या वस्तीत हे एका दुपारचे काम समजले जाईल. चार-सहा बोल्ट, एक आडवी लोखंडी नळी आणि टोकाला एक गोळा, एवढाच त्याचा पसारा. या सांध्यामागचा प्रश्न मात्र हजारो वर्षांचा आहे : ओढणाऱ्याने ओझ्याचा किती भाग स्वतःच्या अंगावर घ्यावा? हा धागा त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो.

२/ आरंभ शब्दांपासून. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून नेण्याला आपण 'टोचन' म्हणतो. इंग्रजी 'टो चेन' मराठी जिभेवर घासला जाऊन हा शब्द झाला असे मानतात. जुन्या व्यवस्थेचे शब्द अर्थातच आपलेच आहेत : जू, जोते, जोखड, जुंपणे. 'जू' हा संस्कृत 'युग' शब्दाचा वंशज. त्याच कुळातला 'योग', आणि दूरच्या नात्याने इंग्रजी 'योक'ही.

३/ गाडीच्या सांगाड्यापासून बैलांच्या मधून जुवापर्यंत जाते ती धुरा. (वऱ्हाडात शेताच्या बांधालाही धुरा म्हणतात, येथे तो अर्थ नाही.) धुरा वाहणारा तो 'धुरंधर' आणि पुढारी तो 'धुरीण'. विदर्भातील शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्याला आजही 'धुरकरी' म्हणतात. नेतृत्वासाठी भाषेने निवडलेली प्रतिमा गाडीच्या जोडणीची आहे. पुढे चालणारा केवळ ओढत नाही, काही भार खांद्यावर घेतो, ही जाण या शब्दांत मुरलेली आहे.

४/ महाराष्ट्रातील या जोडणीचा एक अतिशय जुना पुरावा प्रवरेच्या काठी सापडला. १९७४ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथात उभा असलेला माणूस, पुढे गेलेली लांब दांडी, तिच्या टोकाला आडवे जू आणि त्याखाली बैलांची जोडी. काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही अनेक जण हा ठेवा सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा मानतात.

५/ त्या छोट्या रथात जोडणीचे सगळे घटक दिसतात. ओढणारा, ओढले जाणारे आणि दोहोंना बांधणारी दांडी. मागे दोनच चाके असल्यामुळे दांडीचे पुढचे टोक आपोआप तोलून राहत नाही. ते कोणीतरी उचलून धरावे लागते. ते काम बैलांच्या मानेचे. पिकअपच्या मागचा लोखंडी गोळा आज नेमके हेच काम करतो.

६/ तथापि विदर्भातील मालवाहतूक दीर्घकाळ चाकांवर कमी आणि पाठीवर अधिक होती. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादून धान्य, मीठ आणि कापूस नेत. वऱ्हाड-नागपूरचा कापूस असाच लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. येथे बैल ओझे 'वाहतो', 'ओढत' नाही. वाटा अरुंद, घाट कठीण, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल; अशा मुलखात चाकापेक्षा पाय भरवशाचे होते.

७/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सडका बांधल्या गेल्या आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला आता दूरचा प्रवास पायी करायचा नव्हता; शेतापासून स्थानकापर्यंतच जायचे होते. त्या छोट्या टप्प्यासाठी बैलगाडी सोयीची होती. पाठीवर थोडेच मावते, तीच जोडी गाडीला जुंपली की कितीतरी पट अधिक माल हलवते. 'वाहण्या'कडून 'ओढण्या'कडे झालेले हे स्थित्यंतर विदर्भाच्या अर्थकारणात खोलवर उतरले.

८/ ओढण्याबरोबर नवी जबाबदारी आली : भार लावण्याची. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त झाला तर गाडी 'उलाळ' होते. वैदर्भी बोलीत 'उलार'. धुरा वर उचलली जाते आणि गळ्याखालचे जोते बैलांचा श्वास कोंडते. माल पुढे जास्त झाला तर गाडी 'धुरजड' होते, जू मानेवर दाबते आणि खांदा सोलवटतो. गाडीवानाचे कौशल्य चाबकात कमी आणि पोती रचण्यात जास्त असे.

९/ चांगला गाडीवान गाडी भरल्यावर धुरा हाताने उचलून पाहत असे. ती अजिबात जड लागली नाही तर धोका, उचलवलीच नाही तरीही धोका. जुवावर थोडा भार असलाच पाहिजे, फार मात्र नको. हे 'थोडे' किती, याचे कोष्टक कोठे लिहिलेले नव्हते. ते हाताला ठाऊक असे. पुढे मोटारींच्या युगात अभियंत्यांनी याच 'थोड्या'ला टक्केवारीत बसवले.

१०/ आता तोफांकडे वळू, कारण आजच्या हुकाचा थेट पूर्वज तेथे आहे. दोन चाकांच्या तोफेची मागची शेपटी जमिनीवर टेकलेली असते. ती हलवायची तर शेपटी उचलून दुसऱ्या एका दोनचाकी गाड्यावर अडकवावी लागते. या पुढच्या गाड्याला 'लिंबर' म्हणत. त्याच्यावर लोखंडी आकडा, तोफेच्या शेपटीला लोखंडी कडे. कडे आकड्यात पडले की दोन दोनचाकी गाडे मिळून एक चारचाकी वाहन तयार होई.

११/ या आकड्या-कड्यात एक मोठी कल्पना होती : सांधा घट्ट हवा, ताठ मात्र नको. खड्ड्यात पुढचा गाडा एकीकडे कलला तरी मागचा स्वतंत्रपणे कलू शकला पाहिजे. वळणावर दोघांमध्ये कोन पडू शकला पाहिजे. ताठ जोड असता तर पहिल्याच नाल्यात मोडला असता. आजच्या ट्रेलरची गोळा-वाटीची जोडणी हेच स्वातंत्र्य देते.

१२/ सांध्याची मर्यादाही विदर्भानेच दाखवली. २९ नोव्हेंबर १८०३ च्या अडगावच्या लढाईनंतर इंग्रज फौज नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगडावर चालून गेली. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला मेळघाटच्या डोंगरांतून अवजड तोफा न्यायच्या होत्या. तेथे बैलांचा उपयोग संपला. शिपायांनी आधी वाट तयार केली आणि मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अनेक दिवस दोर लावून तोफा हातांनी ओढल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. ओढणारा थकला की सर्वोत्तम आकडाही निरुपयोगी ठरतो.

१३/ रेल्वेने हाच प्रश्न वेगळ्या रूपात आणला. डबे रुळांवर स्वतः तोललेले असतात. तेथे सांध्यावर उभा भार नसतो, असतो तो केवळ ओढा आणि धक्का. मात्र डबे जोडण्यासाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागे. अमेरिकेत या कामात असंख्य कामगारांची बोटे तुटली, कित्येकांचे प्राण गेले. तेथे ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये आपोआप अडकणाऱ्या कपलरचे पेटंट घेतले आणि १८९३ च्या कायद्याने अशी साधने बंधनकारक झाली. एका सांध्यासाठी कायदा करावा लागला, इतकी त्याची किंमत माणसांनी मोजली होती.

१४/ शेतीत हा धडा ट्रॅक्टरने शिकवला. सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगर बैलांप्रमाणेच मागे अडकवून ओढत. फाळ दगडात अडकला आणि ओढणीचा बिंदू उंच असला की मागची चाके जागीच राहत, पुढची उचलली जात आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलटे. गाडीवानाच्या भाषेत सांगायचे तर यंत्र 'उलाळ' होई. बैलगाडीत त्याची शिक्षा बैलांच्या गळ्याला होती, येथे चालकाच्या जिवाला.

१५/ आयर्लंडच्या उत्तर भागातील हॅरी फर्ग्युसन यांनी त्यावर तीन बिंदूंच्या जोडणीचा उपाय काढला. अवजाराचा भार आणि जमिनीचा विरोध असा वळवायचा की तो ट्रॅक्टरच्या चाकांना जमिनीवर अधिक दाबून धरील. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ही रचना जगभर नेली. आज विदर्भातील कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे दिसणाऱ्या दोन खालच्या भुजा आणि वरची 'टॉप लिंक' ही तीच. यात अश्वशक्ती वाढवलेली नव्हती. फक्त सांध्याची जागा बदलली होती.

१६/ त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाने जीप घडवली. १९४१ ते १९४५ दरम्यान बनलेल्या विलीज जीपच्या मागे तोफखान्याचाच आकडा होता आणि तिच्यासाठी पाव टनी, म्हणजे ५०० पौंड माल नेणारा छोटा ट्रेलर होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली. तोफेच्या लिंबरवरचा आकडा अशा रीतीने नागरी रस्त्यांवर आला.

१७/ १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली. १९७७ मध्ये ती महिंद्रमध्ये विलीन झाली. नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना उभा आहे. प्रताप नगर याच पश्चिम-नैर्ऋत्य पट्ट्यातले. शहराच्या या बाजूला कपलिंग, पिन, बेअरिंग हे परके शब्द नाहीत.

१८/ पिकअप मात्र मुळात 'वाहणारी' गाडी आहे. टाटा मोबाइल (१९८८) पासून आजच्या छोट्या मालवाहू पिकअपपर्यंत तिचा उपयोग हौद्यात माल भरून नेण्याचा. इसुझू व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) यांच्यासारख्या गाड्या आल्यावर बोट, कॅम्पिंगचा तंबू-ट्रेलर, जनरेटर किंवा स्टॉलचा गाडा मागे लावण्याची कल्पना घरगुती झाली. म्हणजे लमाणाच्या बैलाला पुन्हा एकदा गाडीला जुंपायचे. यात काय बदलते हे ध्यानात घ्यावे लागते.

१९/ पहिली गोष्ट, हूक कोठे बसतो. पिकअपचा कणा म्हणजे चेसिसचे दोन लांब समांतर बीम, मध्ये आडव्या पट्ट्या, एखाद्या शिडीसारखे. हूक या बीमनाच बांधायचा असतो. मागचा बम्पर पुष्कळदा पत्र्याचा किंवा हलक्या नळीचा असतो. त्याला गोळा लावणे म्हणजे धुरा गाडीच्या साट्याला न बांधता कडेच्या काठीला बांधणे. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी बीमवर छिद्रे ठेवली असतील तर तीच वापरायची. बीमच्या वरच्या किंवा खालच्या कडेला मनाने छिद्र पाडले की कणा तेथेच दुबळा होतो.

२०/ क्रम साधा आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. स्टेपनी उतरवायची, गरज पडल्यास सायलेन्सरचे रबरी टांगणे सैल करायचे. गाडी उचलायची झाली तर जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवायची. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जड हूक एकट्याने वर धरता येत नाही, दुसरा माणूस किंवा दुसरा जॅक लागतो. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्यायचे, हूक मध्यभागी आला का पाहायचे आणि मगच आवळायचे.

२१/ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ मधील पहिला ८ सांगतो की तुटण्यापूर्वी ते पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसते. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते कायमचे ताणले जात नाही. आकडा नसलेला बोल्ट येथे चालत नाही. आवळणीही अंदाजाने करायची नसते. टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळायचे आणि पहिल्या ओढणीनंतर ते माप पुन्हा तपासायचे.

२२/ येथे वेल्डिंगचा मोह होतो. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर तासाभरात काम करून देतो. परंतु चेसिसच्या पोलादाला दिलेली उष्णता त्याचा गुणधर्म बदलते आणि टाक्याच्या कडेने पुढे सूक्ष्म तडा जाऊ शकतो. बोल्ट ढिला झाला तर दिसतो, आवाज करतो. वेल्डिंगचा तडा रंगाखाली गुपचूप वाढत राहतो.

२३/ आता मूळ प्रश्न : गोळ्यावर किती भार? सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार गोळ्यावर यावा. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात त्याहून कमी. १,००० किलोच्या ट्रेलरचा १०० किलो भार गोळ्यावर. तो यापेक्षा फार कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, तर वेग वाढताच तो शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढची गाडीही फिरवतो.

२४/ जास्त झाला तरी हिशेब सुटत नाही. मागच्या चाकांच्या आसापासून गोळा १.२ मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर ३ मीटर असेल, तर गोळ्यावरचे १०० किलो पुढच्या चाकांवरून ४० किलो भार उचलतात आणि मागच्या चाकांवर १४० किलो टाकतात. स्टिअरिंग आणि ब्रेकचे बरेच काम पुढची चाके करतात. भरलेल्या हौद्यामागे जड ट्रेलर लावणारा चालक हीच चाके हलकी करत असतो. त्यामुळे गोळ्यावर येणारा भार हौद्यातल्या मालाच्या मर्यादेतच धरावा लागतो.

२५/ उरलेली तयारी इतरांच्या जिवासाठी. गोळा आणि वाटी एकाच मापाची हवीत : ५० मिलिमीटरच्या वाटीत त्याहून लहान गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे सांधा सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत अडकते. ट्रेलरला ब्रेक-दिवा, इंडिकेटर, रिफ्लेक्टर हवेतच. हंगामात रात्री दिव्याविना जाणाऱ्या ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्या दुचाकीस्वारांच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत.

२६/ कायदाही या सांध्याकडे गांभीर्याने पाहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च. त्याचीही नोंदणी लागते. कलम ६१ नुसार ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले तेही याच कलमाच्या आधारे. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी उत्पादकाची मान्यता आणि आरटीओचे म्हणणे विचारून घेणे शहाणपणाचे.

२७/ दरम्यान मूळ जुवाकडे कोणी पाहिले का? १९७० च्या दशकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीचा अभ्यास करून, पारंपरिक जुवाचा मानेवरील लहानसा टेकू बैलांना कसा जखमी करतो हे मांडले. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या गाडीसाठी 'सारथी' नावाची रचना केली : दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली एक फिरते चाक. मानेवरचा बराच भार ते चाक घेते. सांध्यावरचा भार कोणी घ्यावा, या प्रश्नाचे हे या मातीतले ताजे उत्तर.

२८/ विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळून शेकतात. त्याला खांदशेकणी म्हणतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी उरते ती सांध्याची वार्षिक तपासणी : जू जेथे टेकते ती जागा हाताने चाचपणे, सूज आहे का, जखम आहे का ते पाहणे.

२९/ लोखंडाला सूज येत नाही, म्हणून त्याची चाचपणी विसरली जाते. गावगाड्यात ही जबाबदारी सुतार, लोहार आणि गाडीवान यांच्यात वाटलेली होती. सुताराने धुरा घडवली, लोहाराने धाव चढवली, गाडीवानाने पोती रचली. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस पडे. पोर्चमध्ये स्वतः हूक बसवणारा माणूस एकाच दुपारी हे तिघेही होतो आणि त्याची चूक पाहणारा कोणी नसतो.

३०/ म्हणून शेवटची कसोटी जुन्या गाडीवानाचीच. निघण्यापूर्वी ट्रेलर भरून, सपाट जागी, गाडीला जोडण्याआधी दांडीचा भार मोजायचा; लहान ट्रेलरसाठी दांडीखाली आडवा ठोकळा ठेवून घरातला वजनकाटाही पुरतो. भार कमी आला तर माल पुढे सरकवायचा, जास्त आला तर मागे. मग बोल्ट, साखळ्या, दिवे पाहायचे. एवढे झाल्यावरच गाडी फाटकाबाहेर काढायची. (समाप्त)